घसा नको, दम वापरा

चैत्रात तेरला गोरोबाकाकांची यात्रा, मग लग्नसराई, पुढे गणपती, सप्ताह आणि अधूनमधून निवडणुका. आमच्या ढोकी परिसरात बोलणाऱ्यांना उसंत नसते. "डॉक्टर, आवाज बसला, उद्या कीर्तन आहे, एक इंजेक्शन द्या," ही मागणी मला नवीन नाही. पण खरा उपाय बोलण्याच्या रीतीत आहे.

गळ्यातील स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. फुफ्फुसातून येणाऱ्या हवेने ते थरथरतात व आवाज निघतो. पुरुषांत हे सेकंदाला १०० हून अधिक वेळा, तर स्त्रियांत २०० च्या आसपास घडते. दम संपल्यावरही घसा ताणून ओरडले की या तंतूंना सूज येते. रोज तेच घडले तर त्यांवर गाठी धरतात.

म्हणून बोलताना खांदे न उचलता, पोट फुगेल असा श्वास घ्यावा. वाक्य लहान ठेवावे. मराठीत 'आहे' की 'नाही' हे वाक्याच्या शेवटी कळते आणि नेमका तिथेच वक्त्याचा दम संपतो! शेवटचा शब्द स्पष्ट उच्चारला तर ओरडण्याची गरज पडत नाही. कीर्तनात टाळकरी अभंग उचलून धरतात, तेवढा वेळ बुवांच्या गळ्याला विसावा मिळतो. भाषणातही असे थांबावे. श्रोत्यांनाही विचार करायला सवड मिळते. ध्वनिक्षेपक असेल तर त्यावर विश्वास ठेवावा.

दिवसभर घोटघोट पाणी प्यावे. सारखे खाकरू नये. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होऊ नये; आंबट पाणी घशाशी येऊन आवाज बिघडतो. खडीसाखर, ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते, पण सूज जात नाही. आवाज बसल्यावर मौन पाळावे. जोर लावून कुजबुजण्यानेही ताण पडतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. तंबाखू, विडी, दारू घेणाऱ्यांनी तर मुळीच चालढकल करू नये. स्वरयंत्राच्या कर्करोगाचे पहिले लक्षण बहुधा हेच असते आणि वेळेवर सापडल्यास तो बरा होऊ शकतो. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर तीन आठवडेही थांबू नका.