लिनक्सवर गेम? चालतो की!

"लिनक्स टाकलंस? मग आता गेम विसर!" रूममेट म्हणाला. लॅपटॉपवरून विंडोज पुसून मी उबुंटू टाकलं तेव्हा धास्ती मलाही होतीच. पण विंडोजचा गेम लिनक्सवर अडतो कुठे, हे आधी समजून घेऊ या.

गेमच्या ईएक्सई फाइलमधल्या सूचना असतात प्रोसेसरसाठी, आणि प्रोसेसर तर तोच आहे! अडतं कधी, तर गेम 'फाइल उघड', 'विंडो दाखव' असं विंडोजला सांगतो तेव्हा. समोर विंडोज नसतंच. इथे मधे उभं राहतं वाइन. 1993 पासून चाललेला हा प्रकल्प त्या मागण्या लिनक्सला कळतील अशा करून देतो. वाइन म्हणजे एम्युलेटर नव्हे. आख्खा नकली कॉम्प्युटर ते उभा करत नाही, म्हणून वेग फारसा पडत नाही. डायरेक्टथ्रीडी 11 च्या चित्रं काढायच्या सूचना डीएक्सव्हीके व्हल्कनमध्ये बदलतं. 2018 मध्ये व्हॉल्व्हने हे सगळं एकत्र करून प्रोटॉन आणलं. 2022 मध्ये आलेला स्टीम डेक विंडोजचे गेम त्याच जोरावर चालवतो.

तरी रूममेट अर्धा बरोबर निघाला. व्हॅलोरंटसारख्या गेमची चीटिंग पकडणारी यंत्रणा थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसते. वाइनकडे तो कर्नलच नाही, मग काय करणार? रविवारी रात्री सगळा मजला खेळतो आणि मी प्रेक्षक!

तेव्हा मित्रांनो, घाई मी केली, तुम्ही करू नका. आपला गेम चालतो का ते आधी पाहा, तोवर दोन्ही ठेवा. मला एक फायदा मात्र झाला. कर्नल म्हणजे काय, हे ओएसच्या पेपरआधीच कळलं!