गृहकर्जासाठी बँकेत जाण्यापूर्वी

आपल्याकडे घर घेताना बहुधा असे घडते: फ्लॅट आवडतो, बिल्डरला टोकन दिले जाते आणि मग तो सांगेल त्या बँकेचा फॉर्म भरला जातो. हा क्रम उलटा हवा. एकदा पैसे अडकले की माणूस मिळतील त्या अटी मान्य करतो.

प्रथम स्वतःजवळची रक्कम मोजा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सहसा या किमतीत धरत नाहीत. सोने मोडायचे की वर्षभर थांबायचे, हे पतिपत्नीने आधीच ठरवलेले बरे.

मग सिबिलचा अहवाल मागवा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. गुण ३०० ते ९०० पर्यंत असतात. चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तर तेही त्यात दिसू शकते.

आता तुलना. तीन ठिकाणी तरी तीच रक्कम आणि तीच मुदत सांगून चौकशी करा. नुसता हप्ता विचारू नका, त्याने फसगत होते. समजा, ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये व्याजातच जातात! एकूण व्याज होते सुमारे ३२ लाख ४८ हजार, म्हणजे मुद्दलापेक्षाही जास्त. तेच कर्ज १५ वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता सुमारे २९,५४२ रुपये, पण व्याज २३ लाख १८ हजारांच्या आसपास. महिना साडेतीन हजार जास्त भरून नऊ लाखांहून अधिक वाचतात.

दुसरा प्रश्न: व्याजदर कशाशी जोडलेला आहे? १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्या स्वतःचा दर ठरवतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत लांबली आणि हे त्यांना उशिरा कळले. म्हणून दर वाढल्यास हप्ता वाढेल की मुदत, हे आधीच विचारून घ्या.

ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावेच लागते. त्यातला ‘एपीआर’ हा आकडा पाहा; त्यात प्रक्रिया शुल्कासारखे खर्चही धरलेले असतात. तीन ठिकाणचे हे कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की फरक आपोआप दिसतो. कर्जासोबत जीवनविमा घ्यावाच लागेल, असे कोणी म्हटले तर तसा कायदा नाही, हे शांतपणे सांगा. बदलत्या दराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंडही लागत नाही. बोनस किंवा भिशीचे पैसे तिथे भरता येतात.

टोकन द्यायची वेळ आलीच, तर कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत मिळेल, असे पावतीवर लिहून घ्या. आणि महारेराचा नोंदणी क्रमांक असेल तर तो संकेतस्थळावर स्वतः तपासा.