गवतकापणी यंत्रातील बेअरिंगांचे वंगण

फळबागेत ट्रॅक्टरमागे जोडून पट्ट्यावर चालविल्या जाणाऱ्या गवतकापणी यंत्राचे पाते ज्या उभ्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, फिरते, त्याचा सारा भार बेअरिंगांवर असतो. त्यांतील वंगण सुकले किंवा त्यात माती शिरली, की प्रथम घरघर ऐकू येते, पुढे दांडा डुगडुगू लागतो व शेवटी बेअरिंगचे घरही झिजते. मग खर्च कितीतरी वाढतो.

ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढावी व उचललेल्या यंत्राखाली भक्कम ठोकळे द्यावेत. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालणे जिवावर बेतते. ग्रीस निपल आधी चिंधीने पुसावे, नाही तर त्यावरची धूळ ग्रीसबरोबरच आत जाते. ग्रीसची जात व प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. दोन जातींचे ग्रीस मिसळू नये. जितके ग्रीस अधिक तितकी निगा चांगली, ही समजूत सर्वत्र आढळते व तीच पुष्कळदा नडते. जादा दाबाने सील निसटते आणि त्याच वाटेने माती आत शिरते. दोन्ही बाजूंनी सीलबंद असलेल्या बेअरिंगास बाहेरून ग्रीस लागतच नाही. यंत्र धुताना पाण्याचा जोरदार फवारा सीलवर मारू नये.

जाड हातमोजे घालून पाते सावकाश फिरवून पाहावे. खरखर किंवा ढिलेपणा जाणवल्यास बेअरिंग बदलावे. तेथे ग्रीसचा उपयोग होत नाही.