पावसाळ्यात सशाला जपा : पाल्यावरची गोगलगाय आणि उंदराचा कृमी

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्याच सुमारास आपल्या वस्त्यांत गोगलगाई दिसू लागतात. ठाणे, कळवा, दिवा, कल्याण, डोंबिवली, सगळीकडे हेच चित्र असते. दिवसा त्या कुंडीखाली, विटांच्या फटीत, ओल्या गोणपाटाखाली लपतात आणि रात्री गटाराच्या कडेने, मोरीच्या भिंतीवरून बाहेर पडतात. काहींच्या पाठीवर शंख असतो. काहींना शंख नसतो, त्यांना शेंबी म्हणतात. ज्या घरात मुलांच्या हौसेखातर ससा पाळला आहे, त्या घराने या दोन्हींकडे लक्ष द्यायला हवे.

कृमी येतो कुठून?

मूळ उंदरात आहे. उंदराच्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत एक बारीक कृमी राहतो. त्याच्या अळ्या उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात. गोगलगाय त्या लेंड्या खाते आणि तिच्या अंगात अळ्या दोन-तीन आठवड्यांत वाढतात. ती गोगलगाय पुन्हा उंदराने खाल्ली की चक्र पूर्ण होते. मुंबईतल्या उंदरांत हा कृमी आढळल्याचे संशोधन 1982 साली प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे आपल्या भागाला तो नवा नाही. या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत.

अळ्या उंदराऐवजी दुसऱ्या प्राण्याच्या किंवा माणसाच्या पोटात गेल्या, तर त्या मेंदू आणि मज्जारज्जूकडे जाऊन सूज आणू शकतात. ऑस्ट्रेलियात 2010 साली एका तरुणाने मित्रांच्या चेष्टेत शेंबी गिळली. तो कायमचा अपंग झाला आणि 2018 साली वारला. इतका गंभीर आजार क्वचितच होतो, बहुतेक रुग्ण बरे होतात. पण रांगते मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, हे विसरू नये.

ससा मुद्दाम गोगलगाय खात नाही. पण फ्लॉवरच्या पाल्यात किंवा कोथिंबिरीच्या जुडीत तांदळाच्या दाण्याएवढे पिल्लू चिकटलेले असते आणि ते पाल्याबरोबर पोटात जाते. तोच पाला आपल्या स्वयंपाकघरातही येतो.

दुसरा धोका पाणथळ गवताचा. पाण्यातल्या गोगलगाईंच्या मार्फत यकृतकृमी, म्हणजे लिव्हर फ्लूक, गवताच्या पात्यावर येऊन चिकटतो. शेळ्या-गुरांना तो होतो, तसा सशालाही होऊ शकतो. म्हणून नाल्याकाठचे किंवा डबक्याजवळचे फुकटचे गवत सशाला महागात पडते.

घरात काय करावे?

1. बाजारातून आणलेला पाला एकेक पान सुटे करून, दोन्ही बाजूंनी, वाहत्या पाण्याखाली धुवावा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतून धुवावा. जुडी बादलीत नुसती बुडवून काढणे पुरेसे नाही. मिठाच्या पाण्याने अळ्या मरतील, असा भरवसा ठेवू नये.

2. ओला पाला दिवसा, डोळ्यांसमोर द्यावा. उरलेला पाला अंधार पडण्यापूर्वी काढून टाकावा. रात्री सशापुढे फक्त सुके गवत ठेवावे. गोगलगाय रात्रीच फिरते, म्हणून हा नियम सर्वांत महत्त्वाचा.

3. पिंजरा जमिनीवर ठेवू नये. विटांवर किंवा स्टुलावर, भिंतीपासून थोडा दूर ठेवावा. खालचे ओले पुठ्ठे आणि चिंध्या रोज काढाव्यात. पाण्याची उघडी वाटी असेल तर सकाळ-संध्याकाळ घासून पाणी बदलावे.

4. सांडलेले दाणे आणि उष्टे-खरकटे रात्री उघडे ठेवू नये. त्यावर उंदीर येतो, आणि लेप्टोसुद्धा उंदरामुळे पसरतो. एका सवयीने दोन आजार टळतात.

5. गोगलगाय दिसली तर हाताने धरू नये. कागदाने किंवा जुन्या चिमट्याने उचलावी, जागा साबणाने धुवावी आणि हात धुवावेत. मुले तिच्यावर मीठ टाकून तिची तडफड बघतात, ते थांबवावे. लपायची ओली जागा काढली की ती तिथे टिकत नाही. पहिले शील पाळूनही घर सुरक्षित राहते.

6. गोगलगाईंसाठी मिळणाऱ्या विषारी गोळ्या घरात आणू नयेत. त्या सशालाही मारतात आणि लहान मुलालाही.

आजाराची खूण ओळखा

ससा मान वाकडी करतो, मागचे पाय ओढतो, तोल जातो किंवा खाणे सोडतो, तर वाट पाहू नये. ही लक्षणे कानाच्या विकारासारख्या इतर आजारांतही दिसतात, म्हणून तपासणी हवीच. बारा तास न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण समजावा. त्याला जवळच्या पशुवैद्यकाकडे न्यावे. परळचे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, ज्याला आपण बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो, लोकलच्या वाटेवर आहे.

घरातली औषधे देऊ नयेत. माणसांचे अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिले तर त्याच्या आतड्यांतले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडीवरचे फिप्रोनिल सशासाठी विष आहे.

घरातल्या कोणाच्या, विशेषतः मुलाच्या, तोंडात गोगलगाय गेली आणि पुढच्या काही आठवड्यांत जोराची डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या किंवा अंगाला मुंग्या असा त्रास झाला, तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात दाखवावे. डॉक्टरांना गोगलगाईची गोष्ट आपणहून सांगावी. त्यांना ती सुचेलच असे नाही.

मुलांचा ससा घराबाहेर काढण्याचे कारण नाही. हा कृमी एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. धोका न धुतलेल्या पानावर आहे. पान धुवायचे कसे, हे विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांना एकदा करून दाखवावे. सशाला पाला शेवटी तीच देतात.