उज्जीया राजाच्या हातातील धूपपात्र



येत्या महिन्यात आपल्या पॅरिश कौन्सिलची नव्याने निवड होणार आहे. गावागावांतून नावे येऊ लागली आहेत. काही जण स्वतःहून पुढे येत आहेत, तर काहींना घरचेच मागे ओढत आहेत. या निमित्ताने नेतृत्वाविषयी काही लिहावे असे दोघातिघांनी सुचवले. गर्विष्ठ नेता म्हटला की आपल्याला फारो आठवतो, शौल राजा आठवतो, हेरोद आठवतो. आज मी मुद्दाम एका कमी परिचयाच्या राजाकडे वळतो, कारण तो वाईट माणूस नव्हता.

त्याचे नाव उज्जीया. प्रभू येशूच्या जन्मापूर्वी आठव्या शतकात तो यहूदाचा राजा होता. त्याची हकिकत 'इतिहास' या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकात, २६ व्या अध्यायात आहे. सोळाव्या वर्षी लोकांनी त्याला गादीवर बसवले आणि त्याने ५२ वर्षे राज्य केले. त्याने यरुशलेमच्या वेशींवर बुरूज बांधले. रानात बुरूज उभारले, पाण्यासाठी हौद खोदले. त्याची गुरेढोरे पुष्कळ होती, डोंगरउतारावर द्राक्षमळे होते, कामाला शेतकरी होते. त्याला शेतीची आवड होती, असे बायबल आवर्जून सांगते. राजांच्या वर्णनात असे वाक्य क्वचितच सापडते. आपल्या वाडीतल्या माणसाला हा राजा नक्की आवडला असता! त्याच्या सैन्यात ३ लाख ७ हजार ५०० माणसे होती आणि तटावरून बाण व मोठे धोंडे फेकणारी यंत्रेही त्याने करवून घेतली होती. त्याची कीर्ती इजिप्तच्या सीमेपर्यंत पोहोचली.

या यशाचे कारणही तिथेच दिले आहे. जखऱ्या नावाचा एक देवभीरू माणूस त्याला देवाचा मार्ग शिकवत असे. त्या जखऱ्याच्या दिवसांत उज्जीया देवाला शोधत राहिला, आणि जोवर शोधत राहिला तोवर देवाने त्याला यश दिले. पुढे जखऱ्याचे नाव पुन्हा येत नाही. राजाला काही सांगणारा दुसरा कोणी आला, असेही लिहिलेले नाही.

पंधराव्या आणि सोळाव्या वचनांच्या मधोमध ही कथा वळते. राजा बलवान होईपर्यंत त्याला देवाचे अद्भुत साहाय्य मिळाले. बलवान झाल्यावर मात्र त्याचे मन उन्मत्त झाले. लक्षात घ्या, अपयशाने, गरिबीने किंवा वाईट संगतीने त्याला बिघडवले नाही. देवाचे साहाय्य पूर्णपणे फळाला आले, तिथेच त्याचे पाऊल घसरले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांनी केलेली गर्वाची चर्चा आम्हाला अभ्यासावी लागे. थोरले संत ग्रेगरी यांनी सांगितलेले गर्वाचे चार प्रकार ते तिथे मांडतात. आपल्यातले चांगले आपण स्वतःच निर्माण केले असे मानणे, हा पहिला. ते देवाने दिले खरे, पण आपल्या लायकीमुळे दिले असे मानणे, हा दुसरा. आपल्यात नसलेल्या गुणांची बढाई मारणे, हा तिसरा. आणि इतरांना तुच्छ लेखून आपणच एकटे उठून दिसावे असे वाटणे, हा चौथा. पहिला आणि तिसरा प्रकार लोकांच्या चटकन लक्षात येतो. दुसरा मात्र चर्चमध्ये पहिल्या बाकावर येऊन बसतो. तो देवाचे आभारही मानतो, फक्त मनात हिशोब ठेवतो की इतकी वर्षे मी राबलो, म्हणून देवाने हे माझ्याच हातून करवून घेतले.

उज्जीयाने काय केले ते आता पाहा. त्याने मूर्तिपूजा केली नाही, कोणाची जमीन लुबाडली नाही. तो हातात धूपपात्र घेऊन मंदिरात शिरला आणि धूपवेदीवर धूप जाळायला निघाला. म्हणजे पाप घडले ते भक्तीच्या कामात! धूप जाळण्याची सेवा अहरोनाच्या वंशजांकडे सोपवलेली होती. इतर सगळे आपल्या हाती आहे, मग एवढेच का नाही, असे त्याला वाटले असावे. अजऱ्या याजक आणि त्याच्याबरोबर ८० धैर्यवान याजक त्याच्या मागोमाग आत गेले. हे काम तुझे नव्हे, बाहेर जा, असे त्यांनी राजाला तोंडावर सांगितले.

मला कबूल केले पाहिजे की ही गोष्ट धर्मगुरूने सांगणे फार सोयीचे आहे. 'फादरांच्या कामात लुडबुड करू नका' एवढाच अर्थ काढला की झाले. पण बायबल याजकांनाही सोडत नाही. एली याजकाच्या मुलांनी देवाच्या अर्पणावर हात मारला, त्यांची कथाही वाचावी. तेव्हा प्रश्न राजा मोठा की याजक मोठा, हा नाही. जे देवाने दुसऱ्याच्या हाती दिले आहे, ते त्याच्याच हाती राहू देणे आपल्याला जमते का, हा प्रश्न आहे.

या अध्यायात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो क्रम. राजा मंदिरात शिरला तेव्हा त्याला काही झाले नाही. धूपपात्र हाती घेतले तेव्हाही नाही. याजकांनी अडवल्यावर तो संतापला, आणि संतापलेला असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठले. तोवर त्याला परत फिरायला वाव होता. (इथे एक खुलासा करतो. बायबलमधील 'कोड' म्हणजे त्वचेचे निरनिराळे विकार. आजचा कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. कोणाच्याही आजाराला देवाचा शाप म्हणू नये. प्रभू येशूने तर अशा रुग्णांना हात लावून जवळ केले.)

लॅटिन भाषेत आज्ञापालनासाठी जो शब्द आहे, त्याच्या पोटात 'ऐकणे' हाच अर्थ आहे. हिब्रू भाषेतही ऐकणे आणि आज्ञा पाळणे यांसाठी एकच शब्द चालतो. मराठीत वेगळे काय आहे? आई म्हणते, 'पोरगं अजिबात ऐकत नाही.' पोराचे कान ठणठणीत असतात! उज्जीयाने जखऱ्याचे ऐकले, ८० जणांचे ऐकले नाही. आणि देवाचे ऐकायचे म्हणजे पुष्कळदा समोर उभ्या असलेल्या, आपल्यापेक्षा लहान हुद्द्याच्या माणसाचेच ऐकावे लागते.

पूर्वी एका धर्मग्रामात असताना मी रविवारची पहाटेची मिस्सा कोणालाही न विचारता पुढे ढकलली. लोक झोपाळलेले असतात, गायन नीट होत नाही, अशी माझी कारणे होती. ती वाईट नव्हती. वेदीची व्यवस्था पाहणारे एक वृद्ध काका सॅक्रिस्टीत आले आणि हळूच म्हणाले, "फादर, भाजी घेऊन पहिल्या गाडीने जाणाऱ्या बायकांनी आता कुठे जायचं?" मी झगा घालत होतो. "ते मी पाहीन," एवढेच तुटकपणे म्हणून मी वळलो. त्या मिस्सेत मी वेदीला धूप दिला. प्रवचनाचा विषय नम्रता हाच होता. ती मिस्सा पुन्हा पहाटे सुरू करायला मी चार महिने घेतले, कारण 'फादर चुकले' असे कोणी म्हणू नये, याची मला काळजी होती. ते काका मात्र त्या चार महिन्यांत एकही दिवस चुकले नाहीत.

उज्जीया मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला. त्याचा मुलगा योथाम कारभार पाहू लागला. राजाला देवाच्या मंदिरात पुन्हा पाऊल टाकता आले नाही. मात्र ज्या वर्षी तो वारला, त्याच वर्षी यशया संदेष्ट्याला दर्शन घडले. त्या दर्शनातही मंदिर आहे, वेदी आहे, सगळीकडे धूर कोंदला आहे. यशया तिथे काही अर्पण करायला जात नाही. मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे, असे तो ओरडतो. कोड झालेल्याने 'अशुद्ध, अशुद्ध' असे ओरडावे, हा नियम लेवीय पुस्तकात आहे. जे उज्जीयाला कपाळावर कोड आल्यावर कळले, ते यशया आधीच कबूल करतो. मग वेदीवरचा निखारा येऊन त्याच्या ओठांना लागतो आणि तो शुद्ध होतो. त्यानंतरच देव विचारतो, कोणाला पाठवू?

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडला, तर प्रभू येशूच्या वंशावळीत या उज्जीयाचे नाव आहे. मत्तयाने ते गाळलेले नाही.

बुधवारी संध्याकाळी बायबल वर्गात आपण इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा २६ वा अध्याय आणि यशयाचा सहावा अध्याय एकत्र वाचणार आहोत. कौन्सिलसाठी ज्यांची नावे आली आहेत त्यांनी, आणि ज्यांची आली नाहीत म्हणून मनाला लागले आहे त्यांनीही, अवश्य यावे. येण्यापूर्वी घरी एका कागदावर एकच गोष्ट लिहून आणा: आज मला तोंडावर 'चुकतोस' असे कोण म्हणू शकते? कागद कोणाला दाखवायचा नाही. माझाही मी लिहून आणीन.

तुमचा,
फादर