कर्ता शेवटी कशाला?

प्रश्न : स्पॅनिशमध्ये ‘कोण आलं?’ याचं उत्तर ‘विनो हुआन’, म्हणजे ‘आला हुआन’. असं उलटं का?
– एक विद्यार्थी, मुरबाड

उत्तर : स्पॅनिशमध्ये नवी माहिती सहसा वाक्याच्या शेवटी येते, मराठीत ती बहुधा क्रियापदाच्या लगेच आधी. शहापूरच्या शेतावर ‘भात कोणी लावला?’ विचारा, उत्तर येईल, ‘भात आईने लावला.’ जागा वेगळी, युक्ती तीच.

खरी गंमत रायगडातल्या कोर्लईची. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही आहे. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये कोर्लईशेजारचं चौल सोडलं. पुढे मराठीच्या शेजारात या बोलीतलं क्रियापद कर्माच्या आधीची जागा सोडून हळूहळू शेवटाकडे सरकलं. (पाठ्यपुस्तकापेक्षा हे उदाहरण मला भारी वाटतं.) भाषाशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांचा या बोलीवरचा ग्रंथ १९९६चा. रेवदंड्याला गेलात तर खाडीपलीकडे कोर्लईला जाऊन ती ऐकाच.