उचल आणि करार

वावर, ता. जव्हार
१२ जानेवारी २०२५

चि. भाच्यास,

आजचा तुझा फोन अर्ध्यातच तुटला. इथली रेंज तुला ठाऊकच आहे. टेकाडावर जाऊन पुन्हा लावला तर तू उचलला नाहीस. पण "मामा, बॅग भरून ठेवलीय, रात्रीच्या गाडीने निघतो," एवढं स्वच्छ ऐकू आलं. फोनवर बोललो असतो तर रागाने बोललो असतो, म्हणून लिहायला बसलो. पोस्टाने राऊरकेलाला पत्र पोचेपर्यंत तुझी हॉकी लीग संपेल, तेव्हा शाळेतल्या एका मास्तरांकडून याचे फोटो काढून तुझ्या मोबाईलवर धाडतो. अक्षर लागलं नाही तर मोठं करून वाच, पण शेवटपर्यंत वाच.

तुझी तक्रार मला कळली ती अशी. प्रत्येक संघात चार ज्युनियर घ्यावेच लागतात, म्हणून तुला घेतलंय. मैदानावर जेमतेम चार मिनिटं मिळतात. प्रशिक्षक परदेशी, त्याचं इंग्रजी डोक्यावरून जातं. जेवायला पंजाबची पोरं एका टेबलावर, ओडिशाची दुसऱ्या, आणि तू ताट घेऊन मध्ये उभा. त्यात एका पराभवानंतर सगळ्यांसमोर पडद्यावर तुझी चूक पुन्हा पुन्हा दाखवली. यातलं काहीही मी खोडून काढणार नाही. पडद्याची गोष्ट तर मला मुळीच आवडली नाही. चारचौघांत चूक उगाळली की पोर शिकत नाही, चूक लपवायला शिकतं. मास्तरकीत केस पांढरे झाले, एवढं तर मी सांगू शकतो.

पण रात्रीच्या गाडीने निघून यायचं म्हणतोस, तिथे माझं तुझ्याशी जमत नाही. आणि हे रात्रीच्या गाडीचं तुझ्या डोक्यात कुठून आलं, तेही मला माहीत आहे.

तू लहान होतास तेव्हा आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेला आहेस. दिवाळी झाली की शेठचा टेम्पो पाड्यावर येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळी टेम्पोत, आणि घराला कडी. पावसाळ्यात घरात दाणा नसताना शेठकडून उचल घेतलेली असते, ती आता फेडायची. मध्यरात्री उठून गारा तुडवायचा, उजाडेपर्यंत फर्म्यातून विटा पाडायच्या, आठवड्याला खर्ची मिळेल तेवढ्यात मीठ-मिरची भागवायची आणि हिशेब पाऊस तोंडावर आला की. तो हिशेब शेठच्या वहीत. ती वही तुझ्या बापाने कधी हातात घेऊन वाचली आहे का, विचार त्याला. तिथे कुणाला काही सोसेनासं झालं तर दोनच वाटा असतात. मान खाली घालून राहायचं, नाहीतर रात्री पोरं काखोटीला मारून पळायचं. पळाला तरी उचल अंगावर राहतेच. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. आपल्याकडे उचल अजून सुरू आहे.

तू तिथे पंचतारांकित हॉटेलात राहतोस, निळ्या टर्फवर खेळतोस, पण वागतोस भट्टीवरच्या माणसासारखा. इतके दिवस मुकाट बसलास आणि आता एकदम पळायला निघालास. मधली वाट तुला दिसतच नाही, कारण आपल्या घरात ती कुणी पाहिलेली नाही. आपल्या माणसाला उचल ठाऊक आहे, करार ठाऊक नाही. तुझा झालाय तो करार. त्यावर रक्कम आहे, तारखा आहेत, त्यांच्या सहीशेजारी तुझी सही आहे. करार केलेल्या माणसाला दिवसाउजेडी समोर उभं राहून विचारता येतं. त्याबद्दल कुणी त्याला दारातून हाकलत नाही. हाकललंच तर तेही कागदावर लिहून द्यावं लागतं. तुझी प्रत तुझ्याकडे आहे का? नसेल तर उद्या मॅनेजरकडे माग, आणि इंग्रजी कळत नसेल तर एकेका कलमाचा फोटो मला पाठव. इथे वाचून सांगणारे आहेत.

आता विचारायचं काय? "मला का खेळवत नाही" हे विचारू नकोस. त्यावर तो गोड काहीतरी बोलेल आणि तू होता तिथेच राहशील. असं विचार: "माझा वेळ वाढायला मी कोणत्या दोन गोष्टी सुधारू? आणि त्या सुधारल्या की नाही हे तुम्ही कशावरून ठरवाल?" भाषेचा अडसर असेल तर सहायक प्रशिक्षकाला सोबत घे आणि हिंदीत विचार. पडद्याबद्दलही बोल. "माझी चूक मला एकट्याला बसवून दाखवा, मी लिहून घेईन," एवढंच. शांतपणे बोल, आणि स्टेटसवर काहीही टाकू नकोस.

मी कबड्डी-खोखोचा मास्तर, हॉकीतलं मला तुझ्याइतकं कळत नाही. तरी मोबाईलवर तुझा खेळ पाहिला त्यात एक गोष्ट खटकली. तुझ्याकडून चेंडू सुटला की तू दोन पावलं थांबतोस आणि बाकाकडे बघतोस. तेवढ्यात समोरचा फुलबॅक मान वर करून लांब पास काढून मोकळा. चेंडू गेला त्या क्षणापासून फॉरवर्ड हाच पहिला बचावपटू, हे मला इथे बसून दिसतं तर तुमच्या जर्सीखालच्या त्या यंत्रात धावण्याचे आकडे बघणाऱ्याला दिसत नसेल? आणि चार मिनिटं चार मिनिटं करतोस, ती एका क्वार्टरमधली की साऱ्या सामन्यातली, हे एकदा नीट सांग. पंधरा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये फॉरवर्ड सतत आत-बाहेर होतात. हॉकीत बदलीला मोजमाप नाही, बाहेर आलेला पुन्हा आत जातो. मोठमोठे खेळाडूही दर थोड्या वेळाने धापा टाकत बाकावर येऊन बसतात. एका क्वार्टरमधली चार मिनिटं असतील तर तुझी अर्धी तक्रार तिथेच संपली. साऱ्या सामन्यातली असतील तर विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

आपल्या बाजूची कविता राऊत बघ. मोखाड्याच्या पलीकडे हरसूलकडचा सावरपाडा तिचा. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुलात दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिचा निकाल घड्याळ लावायचं. तुझा निकाल माणसाची नजर लावते, आणि नजर चुकते. हॉकीची काठी हातात घेतलीस तेव्हाच तू हे पत्करलंस.

लीगचे सामने रांचीलाही आहेत ना? तिथल्या मैदानाला जयपालसिंह मुंडा यांचं नाव आहे. त्यांच्याबद्दल तुला शाळेत सांगितलं होतं, पण तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली होती. टकरा गावचं हे मुंडा आदिवासी पोर ऑक्सफर्डला शिकलं, तिथे हॉकी खेळलं आणि १९२८च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार झालं. त्यापायी आयसीएसच्या नोकरीवर त्यांना पाणी सोडावं लागलं. संघ असा की २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. पण मध्येच संघव्यवस्थापनाशी त्यांचं बिनसलं आणि ते संघ सोडून गेले. २६ मेला भारताने हॉलंडला ३-० हरवलं, हॉकीतलं आपलं पहिलं सुवर्ण आलं, आणि कर्णधार त्या सामन्यात नव्हता. त्यांचा अपमान झाला असेल, त्यांना तो सोसला नसेल. त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पुढे याच माणसाने संविधान सभेत उभं राहून आदिवासींची बाजू मांडली. पण तू तुझ्यापुरता विचार कर. ते निघाले तेव्हा त्यांच्यामागे ऑक्सफर्ड होतं. तुझ्यामागे बारावीचं मार्कशीट आहे, आणि तेही अजून शाळेच्या कपाटात पडलंय.

दुसरा माणूस आपल्या पुण्याचा, खडकीचा. धनराज पिल्ले. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदान राखायचे, पोरं मोडक्या काठ्या बांधून खेळायची. १९९८ला बँकॉकमध्ये त्याच्या कप्तानीत भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं, ३२ वर्षांनी. परत आल्यावर त्याला आणि आणखी काही ज्येष्ठांना संघातून काढलं. कारण विश्रांतीचं सांगितलं, पण खेळाडूंच्या पैशांवरून तो उघड बोलत होता हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मी तुला असं सांगत नाही की विचारलंस तर काहीच जाणार नाही. जाऊ शकतं. पण तो तोंडावर बोलला, हॉकीला धरून राहिला आणि परत आला. २०००चं सिडनी खेळला, २००४चं अथेन्स खेळला. चार ऑलिंपिक झाली त्याची.

आता पैशाचं. हरमनप्रीतला ७८ लाख आणि तुला सगळ्यात खालच्या पायरीचे दोन, हे तू दोनदा बोललास. तो पॅरिस ऑलिंपिकला दहा गोल मारून कांस्य घेऊन आलाय. त्याच्याशी तुलना करायची तर त्याच्या पेनल्टी कॉर्नरशी कर, पाकिटाशी नको. तुझ्या दोन लाखांतून कर कापला जाईल, त्याचा दाखला मागून ठेव. आणि हे लक्षात घे की लीग जेमतेम पाच आठवड्यांची. उरलेल्या वर्षाचं काय? रेल्वे, सैन्यदल, इंडियन ऑइल, असे संघ पोरांना नोकरीवर घेतात. राज्याच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला पदकाची आणि सहभागाची प्रमाणपत्रं पडताळून लागतात. ज्या पोराने लीग अर्धी टाकली, त्याचं नाव त्या लोकांच्या कानावर कसं जाईल याचा विचार कर. हॉकीचं जग लहान आहे, तिथे बातमी एसटीपेक्षा लवकर पोचते.

अजून एक ओझं तुझ्या पाठीवर आहे, ते मी इथूनच उतरवतो. तू म्हणालास, गावाचं नाव खराब होईल. वावर-वांगणीचं नाव १९९२-९३ला साऱ्या महाराष्ट्राने वाचलं, ते कुपोषणाने पोरं गेली म्हणून. मंत्री आले, गाड्या आल्या, फोटो निघाले. त्यातून हे गाव उभं राहिलंय. तुझ्या एका मोसमाने त्याचं काही बनत-बिघडत नाही. गाव डोक्यावर घेऊन धावू नकोस, चेंडूमागे धाव.

ओडिशाच्या पोरांच्या टेबलावर जाऊन बस. राऊरकेला हे सुंदरगड जिल्ह्यातलं, दिलीप तिर्की तिथलेच. सौनामारा गावचे. ४०० च्या वर आंतरराष्ट्रीय सामने खेळले, आज हॉकी इंडियाचे अध्यक्ष आहेत. तिथली बरीच पोरं तुझ्यासारखीच पाड्यावरून आलेली आहेत. पहिल्या दिवशी परदेशी प्रशिक्षकाचं बोलणं त्यांना तरी कुठे कळलं असेल? ती आता काय करतात ते बघ आणि विचार. मांडीचा स्नायू दुखतो म्हणालास, तो फिजिओपासून लपवू नकोस. लपवून खेळलास तर पुढचा मोसमच जाईल.

लीगसाठी खेळाडूंचा लिलाव ऑक्टोबरात झाला, दिवाळीनंतर भट्टीचा टेम्पो आला, तुझे पैसे हातात यायला वेळ होता, म्हणून तुझे आईबाप याही वर्षी भिवंडीला गेलेत. तुझ्या आईला अजून यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. १ फेब्रुवारीला लीग संपेल. पैसे जमा झाले की बूट नको, मोबाईल नको, थेट भिवंडीला जा. शेठसमोर बस, उचलीचा आकडा वहीतून मोठ्याने वाचून घे, फेड आणि पावती घेऊन दोघांना घरी आण. बोहाड्याच्या उत्सवापर्यंत ती घरी असली पाहिजेत.

त्याआधी बॅग उपस आणि उद्या सकाळच्या सरावाआधी प्रशिक्षकाला गाठ. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत वहीत लिही आणि मला पाठव. रात्री आठनंतर मी टेकाडावर असेन.

तुझा,
मामा